समुद्री शैवालांच्या विषाणूंचं जीनोम सिक्वेन्सिंग: गोम मशीनमध्ये नाही, बाटलीत आहे

गाळणी

शैवालावरच्या विषाणूचा जीनोम तुकड्यातुकड्यांत आला की पहिलं बोट सिक्वेन्सिंग मशीनकडे जातं. बहुतेक वेळा घोळ त्याआधीच, लायसेटच्या (विषाणूने पेशी फोडून झालेल्या पाण्याच्या) बाटलीत झालेला असतो. म्हणून सुरुवात आकडेमोडीने करू.

उदाहरणाला एमिलियानिया हक्सलेयी हे एकपेशी शैवाल घ्या. नव्या वर्गीकरणात ती जेफिरोकॅप्सा झाली, पण तिच्या विषाणूंची नावं जुन्यावरूनच चालू आहेत. तिच्या ईएचव्ही-८६ या विषाणूचा जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला: ४,०७,३३९ बेसजोड्या (डीएनएची अक्षरं), ४७२ अंदाजित जनुकं. यजमानाचा जीनोम साधारण १४ कोटी २० लाख बेसजोड्यांचा. शिवाय हा विषाणू लागतो तो द्विगुणित पेशींना, म्हणजे दर पेशीत २८ कोटींच्या वर. भागाकार केला तर एका पेशीतला डीएनए हा सुमारे ७०० विषाणूकणांतल्या डीएनएइतका भरतो.

आता एका मिलिलीटरमध्ये १० लाख पेशी आणि दर पेशीमागे ५०० कण धरा. विषाणूच्या झाल्या २०४ लाख कोटी बेसजोड्या, यजमानाच्या २८४ लाख कोटी. कल्चर जिवाणूमुक्त नसेल आणि मिलिलीटरला १ कोटी जिवाणू असतील, तर त्यांचे आणखी ४० लाख कोटी. पेशींचा चक्काचूर होऊन पाणी नितळ झालं तरी विषाणूचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आतच. कण ५०० ऐवजी १०० निघाले तर जेमतेम अकरा टक्के. विषाणू यजमानाचा डीएनए मोडून वापरतो तो भाग यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्ष चित्र थोडं बरं असू शकतं. पण त्यावर विसंबू नये.

माझा क्रम असा:

आधी विषाणू एकच आहे याची खात्री. ऑस्ट्रिओकॉकस, मायक्रोमोनास यांसारखी शैवालं मऊ अगारात वाढतात, तिथे एकच प्लाक (विषाणूने पेशी मारून केलेला स्वच्छ ठिपका) उचलून तीनदा फिरवायचा. अगारात न वाढणाऱ्यांसाठी टोकाचं विरलीकरण: दसपटीने पातळ करत जायचं आणि ज्या शेवटच्या विरलीकरणात पेशी फुटल्या तिथून पुढची फेरी. हेही तीनदा. ही पायरी गाळली तर पुढे असेंब्लीत (तुकडे जोडून जीनोम उभा करताना) दोन जवळच्या वाणांची खिचडी होते आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट सुटत नाही.

संसर्ग वाढीच्या ऐन भरातल्या कल्चरला द्यायचा. जुनं, थकलेलं कल्चर दिलं तर कण कमी निघतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा जास्त.

लायसेट नितळ झालं की हलकं सेंट्रिफ्यूज, मग ०.४५ मायक्रॉन पीईएस फिल्टर, मग १०० किलोडाल्टनच्या टँजेन्शियल फ्लो फिल्टरवर आटवणं, मग न्यूक्लिएज (कणांबाहेरचा मोकळा डीएनए खाणारं एन्झाइम), मग ग्रेडियंट (घनतेच्या थरांत फिरवून कण वेगळे करणं), आणि शेवटी कवच फोडून डीएनए. प्रत्येक पायरीत काय बिघडतं ते खाली लिहू या. ज्यांना ज्यातलं माहीत आहे त्यांनी भर घाला.

प्लवक

०.४५ का? समुद्राच्या पाण्यातल्या विषाणूंसाठी सगळीकडे ०.२ किंवा ०.२२ लिहिलेलं असतं. जिवाणू तिथेच अडकतात, म्हणजे फायदाच की.

गाळणी

ते फाजसाठी (जिवाणूंच्या विषाणूंसाठी) ठीक आहे. शैवालांचे मोठे डीएनए विषाणू फाजच्या कितीतरी पट मोठे असतात. ईएचव्हीचा कण १७० ते २०० नॅनोमीटर, हेटेरोसिग्मा अकाशिवोच्या एचएव्हीचा सुमारे २०० नॅनोमीटर. ०.२२ च्या छिद्रातून हे काठाकाठाने जातात, आणि फिल्टरवर थोडा गाळ बसला की जातच नाहीत. ऑस्ट्रिओकॉकसचे विषाणू १२० च्या आसपास असतात, ते निभावतात.

फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी फ्लो सायटोमीटरवर (कण एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा, वाद मिटतो. नमुना टिकवायला ०.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, ४ अंशांवर १५ ते ३० मिनिटं, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणं. मोजताना टीई बफरमध्ये पातळ करून सायबर ग्रीन रंग आणि ८० अंशांवर १० मिनिटं. निम्म्याहून जास्त कण फिल्टरवरच राहिले असतील तर छिद्र बदला.

०.४५ मधून काही जिवाणू निसटतात हे खरं, पण पूर्ण जिवाणू पुढे ग्रेडियंटमध्ये वेगळे काढता येतात. फिल्टरवर अडकलेला विषाणू परत मिळत नाही.

खारट

न्यूक्लिएजबद्दल. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि फसलोय हे त्यांना कळतही नाही.

डीएनएज-१ ला मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या मिठात त्याचं काम इतकं मंदावतं की तासभर ठेवूनही यजमानाचा डीएनए जवळपास तसाच राहतो. बेन्झोनेजचंही थोड्याफार फरकाने तेच. नळीवर लिहिलेले युनिट हे कमी मिठाच्या बफरमधले असतात.

दोन वाटा आहेत. पहिली: टँजेन्शियल फ्लोवर असतानाच बफर बदलून घ्या. एसएम बफर बरा: १०० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ८ मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट, ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५. मीठ उतरवताना मॅग्नेशियम काढू नका, नाहीतर कण फुटतात आणि मग न्यूक्लिएज तुमच्याच विषाणूचा डीएनए खातं. बफर टप्प्याटप्प्याने बदला, एकदम नको. दुसरी वाट: मिठात चालणारं न्यूक्लिएज मिळतं, ते अर्धा मोलर मिठात उत्तम काम करतं. महाग आहे, पण ज्यांचा विषाणू नाजूक आहे त्यांच्यासाठी हीच वाट.

डीएनएज-१ चं प्रमाण: मिलिलीटरला १०० युनिट, खोलीच्या तापमानाला १ तास, मग ईडीटीए आणि ईजीटीए प्रत्येकी १०० मिलिमोलर घालून बंद. उष्णता देऊन बंद करू नका, काही कवचं ७५ अंशांना उघडतात.

आणि नियंत्रण ठेवा. लायसेटचा छोटा भाग वेगळा काढून त्यात लॅम्डा डीएनए मिसळा, तेच एन्झाइम, तोच वेळ, मग जेलवर चालवा. लॅम्डाचा बँड दिसत असेल तर तुमचं न्यूक्लिएज नुसतं पोहतंय.

प्लवक

हे झालं की शुद्धता कशी तपासायची? सरळ सिक्वेन्सच करून बघायचं का?

खारट

नको, आधी क्यूपीसीआर (कुठला डीएनए किती आहे ते मोजणारा पीसीआर). तीन जोड्या प्राइमर: विषाणूचं मुख्य कवच-प्रथिन, यजमानाचं १८एस जनुक, जिवाणूंचं १६एस जनुक. न्यूक्लिएजच्या आधी आणि नंतर तिन्ही लावा. १८एसचा सीटी (डीएनए दिसू लागतो ती फेरी) दहाने पुढे सरकला तर तो सुमारे हजारपट कमी झाला, आणि विषाणूचा सीटी जागेवर हवा. विषाणूचाही सरकला असेल तर कण फुटलेले होते. १८एसच्या दर पेशीत अनेक प्रती असतात, तेव्हा त्यावरून थेट टक्केवारी काढू नका, आधी-नंतरचा फरकच वाचा. १६एसचे सर्वसाधारण प्राइमर हरितलवकालाही चिकटतात, हे लक्षात असू द्या.

अपकेंद्री

@गाळणी, ग्रेडियंटबद्दल थोडा मतभेद. जुन्या पद्धतींत सरसकट सीझियम क्लोराइड असतं. ईएचव्हीला बाहेरून लिपिडचं आवरण आहे, आवरण असलेल्या कणांना सीझियमचा ताण सोसतोच असं नाही. आयोडिक्सॅनॉलचा १० ते ४० टक्क्यांचा ग्रेडियंट सौम्य. बँड थोडे पसरट येतात, पण कण शाबूत राहतात. डीएनए शाबूत हवा असेल तर आधी कण शाबूत हवा.

त्याच कारणाने क्लोरोफॉर्म टाळा. फाजवर काम करणाऱ्यांना लायसेटमध्ये क्लोरोफॉर्म टाकून जिवाणू मारायची सवय असते. लिपिड असलेल्या शैवाल-विषाणूंवर तोच प्रयोग केला तर जिवाणूंबरोबर विषाणूही जातो.

आणखी एक सोय कणांच्या आकारातच आहे. मोठे कण लवकर बसतात. २०० नॅनोमीटरच्या कणाला २०,००० जी अर्धा तास पुरतो. ५०-६० नॅनोमीटरचे फाज त्या वेळात बरेचसे वरच्या द्रवात राहतात. एक लाख जीला दोन तास फिरवून सगळंच खाली आणण्यात शहाणपण नाही, फाज पण त्याच पेलेटमध्ये येतात. पेलेट व्होर्टेक्स करू नका. थोडा बफर घालून रात्रभर ४ अंशांवर भिजत ठेवा, सकाळी रुंद तोंडाच्या पिपेटने हलकेच उकला.

गाळणी

आयोडिक्सॅनॉल मान्य. माझ्या यादीत नुसतं ग्रेडियंट लिहिलं होतं ते मुद्दाम, विषाणूगणिक ठरवावं लागतं.

फिओसिस्टिस या शैवालावर काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिच्या वसाहतींचा चिकट श्लेष्मा फिल्टर तुंबवतो आणि पुढे डीएनएबरोबर पॉलिसॅकराइड म्हणून येतो. प्रकाशशोषणाचं २६०/२३० गुणोत्तर १ च्या खाली आलं तर तोच. सीटॅब या साबणासारख्या रसायनाने धुता येतं, पण सोडियम क्लोराइड ०.७ मोलरच्या वर हवं. त्याखाली सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतं आणि नळीत काहीच उरत नाही. श्लेष्मा राहिला तर नॅनोपोर सिक्वेन्सरची छिद्रंही लवकर बंद पडतात.

बेसजोडी

किती डीएनए लागेल याचा हिशोब कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. ४०७ हजार बेसजोड्यांच्या एका जीनोमचं वजन ०.४४ फेम्टोग्रॅम. नॅनोपोरच्या लायगेशन लायब्ररीला (सिक्वेन्सिंगसाठी तयार करायच्या डीएनएला) १ मायक्रोग्रॅम धरला तर सव्वादोनशे कोटींच्या वर कण हवेत. लायसेटमध्ये मिलिलीटरला १० कोटी कण असतील तर कागदावर २३ मिलिलीटर पुरतात. गाळणं, ग्रेडियंट, फेनॉल या सगळ्यांतून दहा टक्के हाती लागले असं धरून चाला, म्हणजे पाव लिटर. अर्धा लिटर वाढवा, निर्धास्त राहा. ऑस्ट्रिओकॉकस टॉरीच्या ओटीव्ही-५ सारखा १८६ हजारांचा जीनोम असेल तर कण दुपटीहून जास्त लागतील.

सिक्वेन्स मात्र अगदी थोडाच लागतो. ईएचव्हीचं १०० पट कव्हरेज (दर अक्षर सरासरी १०० वेळा वाचणं) म्हणजे ४ कोटी १० लाख बेस. निम्मा माल यजमानाचा असला तरी ८-९ कोटी. लोक हजारो पट कव्हरेज घेतात आणि मग असेंब्ली तुटते. इतक्या खोलीत तीच ती चूक अनेक रीड्समध्ये (वाचलेल्या तुकड्यांत) परत येते आणि असेंब्लीच्या ग्राफला ती खरी शाखा वाटते. रीड्स छाटून १०० ते २०० पटींवर आणा. छोटी गोष्ट आहे, पण कॉन्टिगांची (जोडून झालेल्या सलग तुकड्यांची) संख्या डोळ्यांदेखत उतरते.

डीएनए कमी पडला म्हणून एमडीएने (फाय-२९ एन्झाइमने प्रती काढून) वाढवू नका. फाय-२९ एन्झाइम छोट्या वर्तुळाकार एकेरी डीएनएला झुकतं माप देतं आणि कुठलेही दोन तुकडे जोडून नसलेली जुळणी तयार करतं. पुन्हा अर्धा लिटर वाढवणं स्वस्त पडतं.

प्लवक

शॉर्ट रीड की लाँग रीड?

बेसजोडी

दोन्ही. रचना लाँग रीडने, अक्षरं शॉर्ट रीडने. नॅनोपोरचे लाँग रीड फ्लाय या प्रोग्रामने जोडून मेडाकाने चुका दुरुस्त, मग इल्युमिनाच्या शॉर्ट रीड्सने पॉलिपॉलिश वापरून पुन्हा दुरुस्ती.

शॉर्ट रीडवर काटकसर करू नका, कारण या विषाणूंत काही फार एटी-बहुल (ए आणि टी अक्षरं जास्त, जी आणि सी कमी) आहेत. फिओसिस्टिस ग्लोबोसाच्या पीजीव्ही-१६टी मध्ये जीसी ३२ टक्के, क्रायसोक्रोम्युलिना एरिसिनाच्या सीईव्ही-०१बी मध्ये अवघं २५. तिथे ए आणि टी च्या लांबच लांब रांगा असतात, नॅनोपोर त्यांत एखादं अक्षर गाळतं आणि जनुकाची चौकट मोडते. ओळखायची सोपी खूण म्हणजे जनुकांची दाटी. ईएचव्ही-८६ मध्ये साधारण ८६० बेसजोड्यांमागे एक जनुक आहे. तुमच्या ४०० हजारांच्या जीनोममध्ये ९०० जनुकं निघाली तर नवा शोध लागलेला नाही, एकेका जनुकाचे दोन-दोन तुकडे झालेत. इल्युमिनाची लायब्ररी शक्यतो पीसीआरशिवायची करा, एटी-बहुल भाग पीसीआरमध्ये मागे पडतात.

डीएनएचं मेथिलेशन हाही एक त्रास. क्लोरेला विषाणूंत ते भरपूर असतं. ते गोड्या पाण्यातले असले तरी याच कुळातले. मेथिल लागलेल्या जागी नॅनोपोर ठरावीक चूक करतं आणि ती प्रत्येक रीडमध्ये असल्याने कव्हरेज वाढवून जात नाही. त्यावरही शॉर्ट रीड हाच उपाय.

तंतुवेल

मोठा कॉन्टिग मिळाला की बाकीचे टाकून द्यायची घाई करू नका. पीजीव्ही-१६टी चा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, ४६० हजारांचा. त्याच नमुन्यात साधारण साडेएकोणीस हजारांचा वेगळा तुकडा निघाला: विषाणूवर जगणाऱ्या विरोफाजचा नातलग, त्याला पीजीव्हीव्ही म्हणतात. लहान म्हणून गाळला असता तर हातचा गेला असता.

उलट बाजूही आहे. हक्सलेयीच्या लायसेटमधून १०५ हजारांचा सुबक वर्तुळाकार कॉन्टिग आला तर हुरळून जाऊ नका, ते तिचं हरितलवक आहे. पेशीत त्याच्या प्रती जास्त, शिवाय लवकाच्या पटलाआड न्यूक्लिएजपासून ते थोडं सुरक्षितही राहतं.

प्लवक

पेशी फुटतात, फिल्टर केलेलं पाणी नव्या कल्चरला मारतं, पण विषाणूचा म्हणावा असा एकही कॉन्टिग येत नाही. सगळा यजमान आणि जिवाणू. न्यूक्लिएज चालतंय, नियंत्रण बघितलं.

तंतुवेल

यजमान कोण? डायटम (सिलिकाच्या कवचाचं शैवाल) असेल तर विषाणू बहुधा आरएनएचा किंवा छोट्या एकेरी डीएनएचा. डीएनए काढून कितीही सिक्वेन्स केला तरी आरएनए विषाणू दिसणार नाही. ऱ्हायझोसोलेनिया सेटिजेराचा विषाणू आरएनएचा, सुमारे ९ हजार बेसांचा. कीटोसेरॉस साल्सुजिनियमचा एकेरी डीएनएचा, वर्तुळाकार, जेमतेम ६ हजारांचा. दुपदरी डीएनएच्या टोकांना लायब्ररीत जोडायचे अडॅप्टर एकेरी डीएनएला लागत नाहीत, त्यामुळे तोही नेहमीच्या लायब्ररीतून निसटतो. दुसरा पदर बनवून घ्यावा लागतो.

एकाच यजमानावर दोन्ही प्रकार असू शकतात. हेटेरोसिग्मावर २७५ हजारांचा डीएनए विषाणू आहे आणि साडेआठ हजारांचा आरएनए विषाणूही. मायक्रोमोनास पुसिलावर तर ११ तुकड्यांचा दुपदरी आरएनएवाला रिओव्हायरस आहे. त्यात असेंब्लीने नऊच तुकडे दाखवले तर नऊच आहेत असं समजू नका, जेलवर मोजा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकदा बघून घ्या. ३०-४० नॅनोमीटरचे कण दिसले तर उत्तर मिळालंच.

प्लवक

डायटमच आहे. आता ट्रायझॉलने आरएनए काढून बघतो.

तंतुवेल

डीएनएज द्यायला विसरू नका, आणि राइबोसोमल आरएनए आधी वजा करा, नाहीतर नव्वद टक्के रीड्स त्याच्याच येतील. या विषाणूंच्या शेपटीला पॉली-ए असतं, पण नुसत्या ऑलिगो-डीटीवर (त्या शेपटीला चिकटणाऱ्या प्राइमरवर) विसंबलात तर ५ प्राइम बाजू पातळ राहते. रँडम प्राइमरही वापरा, आणि टोकांसाठी रेस (टोकांपर्यंत वाचायची पीसीआर पद्धत) करा.

अपकेंद्री

सापडलेला विषाणू खरोखर मोकळा आहे की यजमानाच्या जीनोममध्ये शिरलेला, हेही तपासा. तपकिरी शैवाल एक्टोकार्पसचा ईएसव्ही-१ (३,३५,५९३ बेसजोड्या, २००१) यजमानाच्या गुणसूत्रात दडून राहतो आणि २०१० मध्ये आलेल्या एक्टोकार्पसच्या जीनोममध्ये तसा विषाणू बसलेला सापडला. हिरव्या शैवालांतही विशाल विषाणूंचे अख्खे जीनोम मुरलेले आढळलेत. लाँग रीडचं एक टोक विषाणूत आणि दुसरं इंट्रॉन असलेल्या यजमान-जनुकात असेल तर तो मुरलेला.

बेसजोडी

विषाणू आणि यजमान यांची हद्द ठरवताना चेकव्हीवर (विषाणूचे कॉन्टिग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आंधळा विश्वास नको. ते मुख्यतः फाज डोळ्यांपुढे ठेवून केलंय. शैवाल-विषाणूंत जिवाणूंसारखी आणि यजमानासारखी जनुकं खरोखरच असतात. ईएचव्हीत स्फिंगोलिपिड बनवणारी जवळजवळ अख्खी साखळी आहे, टेट्रासेल्मिसच्या टीईटीव्ही-१ मध्ये किण्वनाची जनुकं. सॉफ्टवेअर अशा भागाला यजमानाचा समजून कापायला सांगतं. कापण्याआधी त्या जागेच्या दोन्ही बाजू ओलांडणारे लाँग रीड मोजा. दहा-पंधरा रीड सलग जात असतील तर जनुक विषाणूचंच.

जनुकं शोधायला प्रॉडिगल हा प्रोग्राम चालतो, पण तो इंट्रॉन ओळखत नाही आणि इंटीन (प्रथिनातून नंतर आपोआप कापला जाणारा भाग) वेगळं दाखवत नाही. एचएव्हीच्या डीएनए पॉलिमरेजमध्ये इंटीन आहे. पॉलिमरेज अवाजवी लांब दिसलं तर आधी तिथे बघा.

खारट

टोकांचा एक प्रश्न माझाही आहे. ऑस्ट्रिओकॉकसचा विषाणू, फ्लायने वर्तुळ दिलं. रीड्स परत मॅप केल्या तर एका दोन हजारांच्या पट्ट्यात कव्हरेज दुप्पट. वर्तुळ मान्य करावं का?

बेसजोडी

करू नका. या गटाचे जीनोम सरळ असतात आणि दोन्ही टोकांना एकमेकांची उलटी प्रत असते. असेंब्लर दोन्ही प्रती एकावर एक ठेवतं, म्हणून तिथे दुप्पट कव्हरेज दिसतं आणि ग्राफ स्वतःशीच जोडला जाऊन खोटं वर्तुळ होतं. त्या पट्ट्यापेक्षा लांब, म्हणजे आठ-दहा हजारांचे रीड्स निवडा आणि पट्ट्याच्या पुढे ते कुठे जातात ते बघा. काही एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला, आणि पट्टा आरपार ओलांडणारा एकही नाही, असं दिसलं तर पट्टा दोनदा लिहा, दुसऱ्यांदा उलटा.

शेवटची काही अक्षरं तरीही सुटू शकतात. क्लोरेला विषाणू पीबीसीव्ही-१ मध्ये टोकं हेअरपिनसारखी बंद असतात आणि बंद टोकाला अडॅप्टर लागत नाही, म्हणून तिथे कव्हरेज उतरत जातं. तुमच्याकडे तसं उतरताना दिसलं तर डीएनए अगारोजच्या प्लगमध्ये काढून पल्स्ड फील्ड जेलवर चालवा: १ टक्का अगारोज, अर्धपट टीबीई, १४ अंश, सेंटिमीटरला ६ व्होल्ट. १८० हजारांच्या आसपास एकच स्वच्छ बँड आला तर सरळ. अखंड वर्तुळ असतं तर बहुतेक डीएनए खाचेतच अडकून बसला असता.

खारट

आरपार जाणारा एकही रीड नाही, आत्ताच मोजले. सरळच आहे. जेल लावतो.